विश्लेषण : कामगारांच्या वर्गणीचा हिशेब कोणी तपासायचा?

वणी तालुक्यातील कोळसा खाणीत काम करणाऱ्याची संघटनेची वर्गणी पगारातूनच कापली जाते. पुसद किंवा उमरखेडच्या एसटी आगारातला वाहक पदाधिकाऱ्याकडून पावती घेतो. अंगणवाडी सेविका यवतमाळला मोर्चाला आली की वर्षाची वर्गणी रोख देऊन जाते. पैसे गेले एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. ते पुढे कशावर खर्च झाले, असे कोणी विचारले तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रतिप्रश्न ठरलेला. फारच नेटाने विचारले तर विचारणारा ‘व्यवस्थापनाचा माणूस’ ठरतो. प्रत्यक्षात हा हिशेब पाहण्याचा हक्क सभासदाला जवळपास शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. तो वापरला जात नाही, आणि नव्या कामगार कायद्यांनंतर ही ढिलाई संघटनांच्याच मुळावर येऊ शकते.

वर्गणी किरकोळ, मग एवढा प्रश्न कशाला?

समजा, महिना २० रुपये वर्गणी आणि एक हजार सभासद. वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालयाचे भाडे, वकिलाची फी आणि मुंबई-नागपूरच्या फेऱ्या यांत ते सहज संपतात. खरी मोठी रक्कम मासिक वर्गणीची नसतेच. वेतनकरार झाला की थकबाकीच्या फरकातून घेतलेला वाटा, कोर्टकज्जासाठी माणशी काढलेली पट्टी, संपनिधी, अधिवेशनाच्या स्मरणिकेतील जाहिराती, हे पैसे एकदम येतात आणि त्यांची पावती अनेकदा नसते. पगारातून संघटनेची वर्गणी कापायची तर कामगाराची लेखी संमती लागते. रोख पट्टीला अशी कोणतीच चाळणी नाही.

कायदा मुळात काय म्हणतो?

मद्रासच्या बकिंगहॅम मिलच्या संपात कामगारनेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध मालकांनी उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. संप घडवणाऱ्या नेत्याला नुकसानभरपाईच्या दाव्यात अडकवता येते, हे त्यातून दिसले. त्यानंतर १९२१ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला आणि १९२६ चा कायदा आला. त्यात एक सरळ सौदा होता. नोंदणीकृत संघटनेला आणि तिच्या पदाधिकाऱ्यांना संपाबद्दल दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळेल. त्या बदल्यात संघटना आपला पैसा ठरावीक कारणांसाठीच खर्च करेल, दरवर्षी तपासलेला जमाखर्च निबंधकाकडे पाठवेल आणि वह्या सभासदांना पाहू देईल. राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवावा आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावर नसावी, हेही त्यात होते.

सौद्याचा दुसरा भाग मात्र कागदावर राहिला. वार्षिक विवरणपत्र दिले नाही तर दंड पाच रुपये, कसूर चालूच राहिली तर आठवड्याला आणखी पाच, आणि सगळा मिळून पन्नास रुपयांच्या पुढे नाही. १९२६ मध्ये ही रक्कम बोचत असेल. पुढे तिच्यात चहासुद्धा चार जणांना मिळेना.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने आणखी एक पायरी घातली. मान्यताप्राप्त संघटनेची कार्यकारिणी किमान तीन महिन्यांतून एकदा भरली पाहिजे, ठराव इतिवृत्तात लिहिले पाहिजेत आणि राज्य सरकारने नेमलेला लेखापरीक्षक दर आर्थिक वर्षात हिशेब तपासू शकतो. ‘तपासू शकतो’ या शब्दांतच बरेच काही आले.

एसटी संपाने काय दाखवले?

ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला संप यवतमाळ जिल्ह्यातील आगारांनीही अनुभवला. संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतले तरी कर्मचारी कामावर गेले नाहीत. वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्यांनी आपल्याच संघटनांना दूर सारले. विलीनीकरणाची मागणी हे त्याचे मुख्य कारण होते, पण नेते आणि सभासद यांच्यातील तुटलेला विश्वास त्याआधीचा होता.

संघटना बाजूला पडल्या म्हणून पैशाचा प्रश्न सुटला नाही. आंदोलनासाठी कर्मचाऱ्यांकडून पैसे गोळा केल्याच्या आरोपावरून एप्रिल २०२२ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आरोपाचे काय व्हायचे ते न्यायालय ठरवील. मुद्दा इतकाच, की नोंदणीकृत संघटनेबाहेर पैसा गोळा झाला की सभासद नाही, वही नाही, सर्वसाधारण सभाही नाही. उरते ते थेट पोलीस ठाणे. वाईट हिशेबाची संघटनासुद्धा यापेक्षा बरी, कारण तिला निदान जाब विचारता येतो.

नव्या संहितेने काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक संबंध संहितेने १९२६ च्या कायद्याची जागा घेतली. वार्षिक विवरणपत्र आणि वह्या पाहण्याचा हक्क कायम आहे. विवरणपत्रातील कसुरीचा दंड मात्र आता एक हजार ते दहा हजार रुपयांपर्यंत आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे संहितेचे, तिच्या नियमांचे किंवा संघटनेच्या स्वतःच्या घटनेचे उल्लंघन झाल्याची माहिती मिळाली, तर निबंधक नोंदणी रद्द करू शकतो. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणारीच वाटाघाटींसाठी एकमेव संघटना ठरेल.

नोंदणी रद्द करण्याच्या या अधिकाराला केंद्रीय कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. संप तोंडावर असताना निबंधकाच्या टेबलावर जुन्या हिशेबाची तक्रार येऊन पडणे, हे आपल्याकडे अशक्य नाही. पण याच कारणासाठी ‘सरकारने आमच्यात नाक खुपसू नये’ एवढे म्हणून भागत नाही. तीन वर्षांचे विवरणपत्र न देणारी संघटना ते नाक खुपसायला स्वतःच जागा करून देते. व्यवस्थापनाशी संगनमत झालेल्या प्रतिस्पर्धी संघटनेला तर एवढे निमित्त पुरते.

सभासदाच्या हातात काय आहे?

संघटनेच्या घटनेत वह्या पाहण्याची वेळ व पद्धत लिहिलेली असते. त्यानुसार लेखी अर्ज करता येतो. पदाधिकारी टाळाटाळ करत असतील तर संघटनेने दिलेले विवरणपत्र निबंधकाकडे असते आणि निबंधक हे माहिती अधिकाराच्या कक्षेतील सरकारी कार्यालय आहे. विवरणपत्रच दिले नसेल, तर तसे लेखी उत्तर मिळणेही पुरेसे बोलके असते.

संघटना चालवणाऱ्यांची अडचण खोटी नाही. जिल्ह्यातले अनेक कार्यकर्ते पदरचे पैसे घालून तारखांना जातात, आणि दोनशे सभासदांच्या हमाल संघटनेला लेखापरीक्षकाची फी जड जाते. तरीही पट्टीची पावती देणे, पैसे बँक खात्यात भरणे आणि वार्षिक सभेत जमाखर्च मराठीत मोठ्याने वाचून दाखवणे, याला फारसा खर्च येत नाही. फरकाच्या रकमेतून वाटा घ्यायचा असेल, तर किती आणि कशासाठी हा ठराव करारावर सही होण्याआधी सभेत मांडता येतो.