यंत्रास चित्राची गरज काय?

संगणक म्हणजे चकाकणारा पडदा व त्यावरील रंगीत चित्रें, अशी समजूत विद्यार्थ्यांत व पालकांत रूढ झालेली दिसते. माउसनें चित्रावर टिचकी मारतां आली कीं संगणक आला, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत तपासून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम आपल्या शिवारांतीलच दाखला घेऊं. शेतीची वीज पुष्कळदां रात्रीं येते. मोटारीस ऑटोस्विच जोडला असेल तर वीज येतांच ती आपोआप सुरू होते. तेथें पडदा नाहीं, चित्र नाहीं. सर्व मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्यानें रोहित्रावर ताण पडतो, म्हणून ऑटोस्विच काढण्याचें आवाहन महावितरण करीत आलें आहे, हें खरें. परंतु तो दोष वेळेच्या योजनेचा आहे, चित्राच्या अभावाचा नव्हे.

संगणकाचेंही तसेंच आहे. शाळेच्या गुणपत्रकांची प्रत रोज रात्रीं दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरून ठेवावयाची आहे असें समजा. दोन-चार ओळींची लेखी आज्ञा व नेमलेली वेळ एवढ्यावर तें काम होत राहतें. युनिक्स प्रणालींत याकरितां ‘क्रॉन’ नांवाची योजना १९७० च्या दशकापासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं आलेला सी. डी. सी. ३६०० संगणक छिद्रें पाडलेल्या कार्डांवरून कामें करी. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘परम’ महासंगणकांसही संशोधक आज लेखी आज्ञाच देतात आणि काम रांगेंत लावून निश्चिंत होतात.

कोणी म्हणतील, चित्रें नसतीं तर संगणक सामान्य माणसाच्या हातीं आलाच नसता. हें म्हणणें यथार्थ आहे. जेथें माणसानें पाहून निवड करावयाची, तेथें चित्र हवेंच. परंतु जें काम माणूस निजला असतां व्हावयाचें, तेथें पाहणारा कोण? तेथें चित्र म्हणजे जुन्या संगणकावर व्यर्थ भार होय. मात्र लेखी नोंद हवीच. नाहीं तर प्रत निघत नव्हती, हें मूळ डिस्क बिघडल्यावरच कळावयाचें!

चित्रांतून दुसऱ्यानें मांडून ठेविलेलें तेवढेंच निवडतां येतें. लेखी आज्ञेनें आपल्या मनांतील काम सांगतां येतें. यास्तव, संगणकाच्या वर्गाची फी भरणाऱ्या पालकांनीं आपल्या पाल्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: “स्वतः आज्ञा लिहून एखादें काम तुला यंत्राकडून करवून घेतां येतें काय?”