नाव कुणाचं?

परवा बहिणीचा नातू पेढ्यांचा पुडा घेऊन आला. टेम्पो घेतला म्हणाला. छोटा हत्ती, बारा वर्षं चाललेला. माणकोलीच्या गोदामांतला माल कल्याणपर्यंत पोचवायचं काम मिळालंय. आनंद झाला. पण मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून एकच विचारलं, "नावावर केलास का?"

"करू हो आजोबा, घाई काय आहे? स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय."

मी पुडा तसाच त्याच्या हातात परत दिला. त्याच्या आईला राग आला. म्हातारा पोराच्या आनंदात विरजण घालतो, असं ती फोनवर कुणाला तरी म्हणाली म्हणे. म्हणूनच हे इथे लिहितोय. आपल्या नात्यात गाडीच्या धंद्यात असलेली पाच-सहा मुलं तरी आहेत, आणि त्या सगळ्यांचं या बाबतीतलं वागणं मला साफ अमान्य आहे.

आधी एक गैरसमज काढतो. जुनी गाडी घेण्याला माझा विरोध नाही. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही त्याने काय हातगाडी ओढायची? २००५ साली टाटांनी एस ही गाडी आणली आणि बारक्या धंदेवाल्यालाही चारचाकी मालगाडी परवडू लागली. आज अशाच गाड्या तिसऱ्या-चौथ्या हातात फिरताहेत, आणि आमच्या गणेशपुरी-वज्रेश्वरीकडची भाजी, विटा, मंडपाचं सामान त्यांच्यावरच चालतं. यात कमीपणा काहीच नाही.

माझं भांडण वेगळं आहे. जुनी गाडी घ्यायला जाताना आपली मुलं दोन मिस्त्री बरोबर नेतात. हौदा कुठे गंजलाय, पाटे बसलेत का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, सगळं बघतात. कागद बघायला मात्र कुणालाच नेत नाहीत! आणि विकणारा? त्याच्या हातात पैसे पडले की त्याचा विषय संपला.

हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. तो विकणारा मीच होतो.

निवृत्तीनंतर आलेल्या पैशातून २००९ साली पुतण्यासाठी मी एक जुना टेम्पो घेतला, माझ्या नावावर. घेताना ठाण्याला तीन खेपा घालून नाव चढवून घेतलं. २०१४ मध्ये पुतण्याने दुसरा धंदा धरला तेव्हा टेम्पो विकला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोन सह्या, चहा, आणि किल्ली दिली. घेणारा म्हणाला, "मास्तर, पुढच्या महिन्यात नाव काढतो." मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर आळस केला, आणि त्याला विश्वास हे नाव दिलं.

२०१७ साली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. आदल्या वर्षी त्या टेम्पोने एका यंत्रमाग कामगाराला उडवलं होतं. रात्रपाळी संपवून सायकलने घरी चालला होता बिचारा. पाय कायमचा गेला. टेम्पो तोवर आणखी दोघांच्या हातून गेला होता. विमा संपलेला, पासिंग संपलेलं. आणि आरसी बुकावर नाव कुणाचं? माझं.

वकिलाला म्हटलं, "अहो, मी तर विकला होता! हा घ्या स्टॅम्प पेपर." त्यांनी मला ६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दिला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली गाडीही अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती. न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच भरपाईपुरता मालक. जखमी माणसाने एकामागून एक खरेदीदार हुडकत फिरावं, अशी अपेक्षा धरता येणार नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मान खाली गेली. लंगडत कोर्टात येणाऱ्या त्या माणसाने कुणाला शोधायचं होतं? त्याच्याकडे होता फक्त गाडीचा नंबर. त्या नंबरमागे एक खरं नाव असावं, एवढाच त्याचा हक्क होता, आणि तो मी आणि माझ्यानंतरच्या तिघांनी मिळून बुडवला होता. भरपाई मी हप्त्यांनी भरली. घरच्यांना वाटतं, मास्तर फसले. मला तसं वाटत नाही. मी जे करायला हवं होतं ते केलं नव्हतं.

करायचं तरी काय असतं? मोटार वाहन कायद्याचं ५० वं कलम सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवून फॉर्म ३५ घ्यायचा, नाहीतर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं कायदा मानतो, पण त्यानेही १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आणि मुळात विमा चालू तर हवा! आठ वर्षांवरच्या मालगाडीचं पासिंग दरवर्षी. एजंटाकडून घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही अधिकृत होता येतं. अशा विक्रेत्याच्या ताब्यात रीतसर कळवून गाडी दिली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. तेव्हा अधिकृत आहात का, असं तोंडावर विचारा.

"खर्च होतो" म्हणतात. होतो ना. पण टेम्पोवर आईवडिलांचं नाव रंगवायला, लिंबू-मिरची बांधायला, झालरी लावायला पैसे असतात. पुस्तकात स्वतःचं नाव चढवायला नसतात?

"सगळेच असं करतात" म्हणतात. चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांनी एकच चूक केली, तरी मी कधी कुणाला मार्क दिले नाहीत.

वर्गात षष्ठी विभक्ती शिकवायचो. चा, ची, चे. रामाचा टेम्पो म्हणजे रामाने राबवायचा, रामाने सांभाळायचा, आणि त्याखाली कुणी सापडलं तर रामाने उत्तर द्यायचं. हे शेवटचं मी मुलांना शिकवलं नाही. मला स्वतःलाच ते फार उशिरा कळलं.

तेव्हा, बाळा, रागावू नकोस. विकणाऱ्याला बरोबर घेऊन जा, बोजा आहे का बघ, दोन्ही फॉर्मवर सह्या घे, विमा कंपनीला कळव. मग आरसीवर तुझं नाव लागलं की ताजे पेढे आण. तुझ्या टेम्पोत बसून आपण कुंडावर अंघोळीला जाऊ.