पडल्यानंतरची किल्ली

आमच्या दाराजवळ भिंतीला किल्ल्या अडकवायचं एक छोटंसं लाकडी खुंटाळं आहे. घराची किल्ली, ह्यांच्या मोटारसायकलची, मुलाच्या गाडीची आणि लेकीच्या स्कूटीची. गेला दीड महिना स्कूटीची किल्ली तिथे नव्हती. ती माझ्या कपाटात होती, साड्यांच्या घडीखाली. ठेवली होती मीच.

झालं असं, की लेक क्लासहून येताना स्टँडच्या वळणावर खडीवरून घसरली. कोपर सोलवटलं, मनगटाला प्लॅस्टर. देवाच्या दयेने एवढ्यावरच निभावलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘बास झाली ती गाडी.’ समोरच्या काकू म्हणाल्या, ‘पोरीची जात, उद्या चेहऱ्याला लागलं असतं तर?’ हे काहीच बोलले नाहीत. आणि मी, कुणी सांगायच्या आतच, टेबलावरची किल्ली उचलली. प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला, पण किल्ली काही बाहेर आली नाही. क्लासला तिला बाबा सोडू लागले.

यात एवढं सांगण्यासारखं काय? तर हे, की तीन वर्षांपूर्वी आमचा मुलगा त्याच वळणावर पडला होता. गुडघ्याला सात टाके होते त्याच्या. तेव्हा आम्ही काय केलं? गाडी गॅरेजला टाकली, मडगार्ड बदलून घेतलं आणि त्याला चांगलं हेल्मेट आणून दिलं. त्याची किल्ली कुणाच्याही साडीखाली गेली नाही.

आणि मैत्रिणींनो, मी कोण? तर दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बचत गटाच्या बायकांना स्कूटी शिकवायचा उपक्रम चालवणारी बाई! ‘पडल्याशिवाय येत नाही गं, ऊठ, पुन्हा बस’ असं तिथे खड्या आवाजात सांगणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला हे दाखवून दिलं ते मुलानेच. त्याला मोटारींच्या शर्यतींचं भारी वेड. एकदा रात्री जेवताना लेकीचं तोंड उतरलेलं बघून त्याने मोबाइल माझ्या ताटासमोर धरला. ‘आई, हे बघ आणि मग सांग.’ मी बघितलं आणि हातातला घास हातातच राहिला. एक गाडी उलटी, मागच्या बाजूने, हवेतून उडत येते आणि कुंपणावरून थेट फोटोग्राफर उभे राहतात त्या बांधकामात घुसते. ‘आत कोण असेल?’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘असेल कोणी बिचारा.’ ‘बिचारा नाही, मुलगी आहे. सतरा वर्षांची.’ आमची लेकही सतराचीच.

तिचं नाव सोफिया फ्लोर्श. जर्मनीतल्या म्युनिकजवळची. लहानपणीच कार्टिंगला लागली. कार्टिंग म्हणजे त्या जमिनीलगतच्या छोट्या गाड्या, मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये मजेसाठी चालवतात ना, तशाच, पण वेगवान. चौदाव्या वर्षी, २०१५ साली, तिने इंग्लंडला जाऊन मुलांच्या गटात शर्यत जिंकली. मग फॉर्म्युला फोर. तिथे जर्मन मालिकेत पहिल्या तिघांत येणारी ती पहिली मुलगी. २०१८ ला फॉर्म्युला थ्री. या सगळ्या एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या गाड्या. ही शिडी वर चढत जाते ती फॉर्म्युला वनपर्यंत, आणि तिथे अख्ख्या जगासाठी जागा किती? वीस-बावीस. मुलगा हे सांगत होता तेव्हा मला आपली स्पर्धा परीक्षांची पोरं आठवली. लाखभर बसणार, चार पोरांना जागा मिळणार, बाकीच्यांनी पुढे काय करायचं ते कुणीच सांगत नाही.

तर, १८ नोव्हेंबर २०१८. चीनमधल्या मकाऊ शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत. सोफियाची गाडी पुढच्या गाडीला लागली. योगायोग बघा, ती पुढची गाडी आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाची होती. ताशी २७६ किलोमीटर वेगात तिचा ताबा सुटला, लिस्बोआ नावाच्या वळणावर जपानच्या शो त्सुबोईच्या गाडीवर आपटून तिची गाडी उडाली. मानेजवळचं मणक्याचं हाड मोडलं. अकरा तास शस्त्रक्रिया चालली. त्सुबोई, दोन फोटोग्राफर आणि शर्यतीचा एक कर्मचारीही जखमी झाले. पाठीचा कणा म्हणजे काय असतं ते आपल्याला सांगायला नको. इकडचं तिकडे झालं असतं तर ती पोर जन्मभर खुर्चीत असती. दोन आठवडे उलटायच्या आत तिला अठरावं लागलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा गाडीत होती. युरोपातली अख्खी मालिका खेळली, सातवी आली. आणि २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा मकाऊला गेली. त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर.

आई म्हणून सांगते, मला तिचं कौतुक वाटायच्या आधी राग आला. कशाला गं बाई, असं वाटलं. मुलाशी वाद घातला. म्हटलं, श्रीमंतांचे खेळ आहेत, आपल्याला काय त्याचं? तो म्हणाला, ‘दारूवालाला कोणी विचारलं का, आता पुरे का म्हणून? त्सुबोईला?’ मी गप्प बसले. खरंच, तेही दोघे पुढे शर्यती खेळत राहिले आणि त्याची बातमीसुद्धा झाली नाही.

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. २०२० मध्ये सोफिया फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत उतरली आणि तिला वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. एकही नाही. आपल्याकडे म्हणाले असते, नापास. पण त्याच वर्षी ती दुसऱ्या एका प्रकारात शिरली होती, सहनशक्तीच्या शर्यतीत. फ्रान्समध्ये ल मान्स नावाचं गाव आहे. तिथे २४ तासांची शर्यत असते. साडेतेरा किलोमीटरहून मोठा फेरा, त्यातला बराचसा भाग एरवी लोकांच्या रहदारीचा रस्ता. दुपारी सुरू, दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार. रात्र, धुकं, पाऊस, सगळं त्यात आलं. इथे एका गाडीला तीन चालक असतात. सहा तासांच्या मुदतीत एकाने चार तासांहून जास्त चालवायचंच नाही असा नियम. एक उतरते, दुसरी बसते, उतरणारी बसणारीचे पट्टे आवळून देते.

हे पट्टे आवळणं मी मुलाला तीनदा दाखवायला लावलं. घामाने निथळणारी, तासन्तास गाडी चालवून आलेली बाई स्वतः पाणी प्यायच्या आधी दुसरीचे पट्टे ओढून बसवते! एका आसनाच्या गाडीत तुमचाच सोबती तुमचा पहिला शत्रू असतो म्हणे, कारण दोघांकडे गाडी सारखीच, मग तुलना त्याच्याशीच होणार. इथे तुम्ही गाडी ठोकली तर तिघींची शर्यत संपली, आणि नीट सांभाळून आणलीत तर ती तिघींच्या कामी. आमच्या गटातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

सोफियाच्या गाडीत तिघी होत्या. कोलंबियाची तातियाना काल्देरॉन, नेदरलँड्सची बाइत्स्के व्हिसर आणि ही. खरं तर तिसरी जागा इंग्लंडच्या कॅथरीन लेगची होती, पण जुलैत सरावात तिचा अपघात झाला आणि पाय मोडला. त्या सप्टेंबरात, कोरोनामुळे प्रेक्षकांविना झालेल्या ल मान्समध्ये या तिघी त्यांच्या वर्गात नवव्या आल्या, एकूण पन्नासहून जास्त गाड्यांत तेराव्या. लेगचं काय झालं विचारताय? पुढच्याच वर्षी ती शर्यतीत परतली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत धावली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. बेचाळीस! आपल्यातल्या किती जणी चाळिशीनंतर ‘आता काय शिकायचं’ म्हणून मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसून राहतात, ते मी दर रविवारी बघते.

हे सगळं ऐकताना मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. मी ती खोटी समजले होते, म्हणून त्याच्याकडून वाचून घेतली. १९५५ साली याच ल मान्सला एक गाडी गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. शर्यत त्या दिवशी थांबवलीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भरली. भरणारच, पुरुषांचं काही चुकलं असं कुणाला वाटलंच नाही. मग १९५६ मध्ये रॅम्स इथल्या १२ तासांच्या शर्यतीत आनी बुस्के नावाची फ्रेंच चालक अपघातात मेली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या शर्यतीत. तर ल मान्सच्या आयोजकांनी काय करावं? सगळ्याच बायकांना बंदी! ती उठली १९७१ साली. पंधरा वर्षं. आणि त्याआधी १९३२ मध्ये ओदेत सिको नावाची बाई तिथे चौथी आलेली होती, वर्गातली नव्हे, एकूण शर्यतीतली.

हे ऐकून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कपाटात साडीखाली जे होतं, तेही तेच होतं. आमच्या घरातली बंदी.

खुंटाळ्यावरची किल्ली काढताना आपण म्हणतो, काळजीपोटी. असेलही. पण काळजी मुलाचीही होतीच की! त्याच्या काळजीचं हेल्मेट झालं आणि तिच्या काळजीचं कुलूप. माझं हे असं का झालं, याचं उत्तर मला अजून धड देता येत नाही. ‘चेहऱ्याला लागलं असतं तर’ हे काकू बोलल्या, पण माझ्याही मनात तेच आलं होतं, हे लपवण्यात काय अर्थ?

काही वाचक म्हणतील, त्या मुलींना मुली म्हणून गाडी मिळाली. हो, मिळाली. स्वित्झर्लंडच्या एका महागड्या घड्याळवाल्या कंपनीच्या नावाचा तो संघ होता, आणि बायकांचा संघ म्हणून त्याचा गवगवाही झाला. पण या खेळात कुणालाच पैशाविना गाडी मिळत नाही. कुणाचा बाप पैसे घालतो, कुणाची कंपनी. मुलांच्या वेळी त्याला पाठबळ म्हणतात, मुलींच्या वेळी मेहेरबानी. आमच्याकडेही थोरल्याच्या पुण्यातल्या शिकवणीला आम्ही एफडी मोडली तेव्हा त्याला कुणी मेहेरबानी म्हणालं नव्हतं.

आणि मेहेरबानीवर गाडी मिळेल, पण जिंकता येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बहारीनच्या आठ तासांच्या शर्यतीत सारा बोव्ही, रहेल फ्रे आणि मिशेल गॅटिंग या तिघी आपल्या वर्गात पहिल्या आल्या. सहनशक्तीच्या जागतिक मालिकेत फक्त बायकांच्या गाडीने मिळवलेला हा पहिलाच विजय. त्यांची गाडी गुलाबी होती. मला हा बायकांच्या माथी मारलेला गुलाबी रंग एरवी अजिबात आवडत नाही, पण त्या दिवशी चालून गेला.

सोफिया २०२१ मध्ये त्याच दोघींबरोबर पुन्हा ल मान्सला गेली, शर्यत पूर्ण झाली नाही. २०२२ लाही ती अशाच लांब पल्ल्याच्या शर्यतींत होती. मग २०२३ ला परत एका आसनाच्या गाडीत आली आणि बेल्जियममध्ये सातवा क्रमांक मिळवून फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत गुण मिळवणारी पहिली स्त्री ठरली. म्हणजे शिडी सरळ वर गेलीच नाही. आडवी गेली, खाली आली, पुन्हा वळली. मला वाटलं होतं, मोठ्या स्वप्नातून बाहेर पडली म्हणून इकडे आली, हरली बिचारी. ही माझी आपली जुनी सवय. इंजिनियरिंगला नंबर लागला नाही म्हणून बीए केलं, असं माझ्याबद्दल माहेरी अजून सांगतात. मला मुळात बीएच करायचं होतं!

फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी आजवरची एकमेव बाई लेला लोम्बार्डी. इटलीतल्या एका खाटकाची मुलगी, घरच्या दुकानाची मांसाची गाडी पोचवता पोचवता चालवायला शिकली. १९७५ मध्ये स्पेनला सहावी आली, शर्यत अपघातामुळे मध्येच थांबवली म्हणून अर्धाच गुण मिळाला. १९७६ नंतर तिथे तिला जागा राहिली नाही, आणि तिच्यानंतर आजवर एकाही बाईला ती मुख्य शर्यत सुरू करता आलेली नाही. पण लेला घरी बसली नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे वळली आणि १९७९ मध्ये सिसिलीतल्या सहा तासांच्या शर्यतीत जोडीदारासह पहिली आली. लोक मात्र तिला त्या अर्ध्या गुणासाठीच ओळखतात.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली खुंटाळ्यावर अडकवली. काही बोलले नाही. लेकीने बघितली, पण घेतली नाही. चार दिवस ती तिथेच लोंबकळत होती. मला वाटलं, मी उशीर केला. सासूबाईंनीही बघितली, ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणाल्या. त्यांच्याकडून हे खूप झालं.

रविवारी मैदानावर गेले तर आमच्यातली एक जण पुन्हा आलेली नव्हती. महिन्याभरापूर्वी पडली होती, पायाला थोडंसं लागलं होतं, तेव्हापासून येत नाही. तिचं घर गावाबाहेर, कॅनॉलपलीकडे. घरी येऊन लेकीला विचारलं, ‘येतेस का, मला तिकडे सोडायला?’

तिने खुंटाळ्याकडे बघितलं. किल्ली काढली. मग भावाचं हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘मागे बसायचं तर हे घालावं लागेल, आई. आणि वळणावर मला घट्ट धरून ओरडायचं नाही.’