बाळंतिणीला ‘कन्फाइन’ करू नका!

गरोदर स्त्रीच्या केसपेपरवर पूर्वी वरच्या कोपऱ्यात तीन अक्षरं हमखास असायची : ई.डी.सी. काही दवाखान्यांत आजही असतात. पूर्ण रूप ‘एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट’. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ही तारीख काढतात. आता बहुतेक ठिकाणी ‘कन्फाइनमेंट’च्या जागी ‘डिलिव्हरी’ आलं आहे. पण तारखेच्या गडबडीत त्या जुन्या शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही.

अर्थ सरळ आहे : कोंडून ठेवणं. तुरुंगात कैद्याला एकटं डांबतात त्या शिक्षेचं नाव ‘सॉलिटरी कन्फाइनमेंट’. तोच शब्द बाळंतपणालाही!

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे हद्द, शेवट. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कन्फाइन’ आला : हद्दीच्या आत ठेवणं. बाळंतपणासाठी तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. बाळंतपणाचा थेट उल्लेख टाळण्याचा तो एक सभ्य मार्ग होता. सिंगापूर-मलेशियात आजही बाळंतिणीच्या पहिल्या महिन्याला ‘कन्फाइनमेंट’च म्हणतात.

हा नुसता शब्दाचा खेळ नव्हता. त्या काळी इंग्लंडमध्ये बाळंतिणीची खोली खरोखरच बंद करायचे. खिडक्यांवर जाड पडदे, दाराच्या किल्लीचं भोकसुद्धा बुजवलेलं, आत शेकोटी आणि बायकांची गर्दी. बाळंतज्वराने अनेक बायका जात. १७७३ साली मँचेस्टरचे शल्यचिकित्सक चार्ल्स व्हाइट यांनी या पद्धतीवर सडकून टीका करणारं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की खिडक्या उघडा, खोली स्वच्छ ठेवा, बाईला लवकर उठवून बसवा. जंतूंमुळे आजार होतात हे कळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आज अडीचशे वर्षं झाली. आणि आपल्याकडे?

आपली ‘बाळंतिणीची खोली’

जुन्या वाड्यांत ही खोली असायचीच. वाडे गेले, पण फ्लॅटमधल्या बेडरूमची आपण तशीच खोली करतो. खिडकी बंद, पंखा बंद. मे महिन्यातही डोक्याला फडकं आणि कानात कापूस. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी मोजून. ‘वारं लागेल’ म्हणून सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही.

यातल्या चार गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे.

पहिली, सतत झोपवून ठेवणं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानेच ती सोय केली आहे. पण त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी जास्त. ही गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणूनच सिझेरियननंतरही नर्स बाईला शक्य तितक्या लवकर उभं करते. घरी आल्यावर तुम्ही तिला पुन्हा आडवं करून ठेवता! आणखी एक : एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ‘शीर चढली’ म्हणून मालीश करू नका. डॉक्टरांना दाखवा.

दुसरी, पाणी तोडणं. पाण्याने पोट सुटत नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, एवढंच. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो. अंगावर पाजणाऱ्या आईला तर पाणी जास्तच लागतं.

तिसरी, बंद खोलीत शेगडी आणि धूर. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. शिवाय नवजात बाळाची फुप्फुसं धुरासाठी बनलेली नाहीत.

चौथी, अंधार. बहुतेक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते. ती वाढते आहे का, हे बाळाच्या त्वचेच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून कळतं. अंधाऱ्या खोलीत पिवळं काय दिसणार? कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दिवसा खिडकी उघडून बाळाला उजेडात नीट बघणं ही तपासणी आहे, हौस नव्हे.

‘आमच्या आज्या अशाच बाळंत झाल्या’

हे मी नेहमी ऐकतो. झाल्या, खरं आहे. पण ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. प्रत्येक जुन्या घराण्यात ‘बाळंतपणात गेलेली’ एक तरी चुलत आजी निघते. तिच्या आठवणी सांगायला कुणी उरलं नाही.

तरीही जुनं सगळं टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. शेतात, चुलीशी राबणाऱ्या सुनेला सव्वा महिना कुणी कामाला हात लावू दिला नाही, ही मोठी गोष्ट होती. कित्येकींना आयुष्यात मिळालेली तेवढीच रजा. डिंकाचे, अळिवाचे लाडू, ऊन ऊन जेवण, कुणीतरी घातलेली आंघोळ, हे सगळं चांगलं आहे, चालू ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण धुणीभांडी करणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? तिच्या वाट्याला घरातली विश्रांती तरी येऊ द्या.

माझं भांडण विश्रांतीशी नाही, कोंडण्याशी आहे. हद्द आखायचीच असेल तर घरकामाला आखा, पाहुण्यांना आखा. सर्दी-खोकला असलेल्या, हात न धुता बाळाचे पापे घेणाऱ्या नातेवाइकांना दाराबाहेर थांबवा. हवा, उजेड, पाणी आणि चालणं यांना हद्द घालू नका.

मनाचंही ऐका. प्रसूतीनंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, झोप उडाली असेल, बाळाची ओढ वाटत नसेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. बंद खोलीत एकटी पडलेली बाई हे कुणाला सांगणार? स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

हे दिसलं तर ‘सव्वा महिना’ विसरा, तडक दवाखाना गाठा :

– ताप १००.४ किंवा त्याहून जास्त
– तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
– एका पायाला सूज व वेदना, छातीत दुखणं, धाप
– तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
– बाळ दूध ओढत नाही, फार सुस्त आहे किंवा तळपायापर्यंत पिवळं आहे

दवाखान्यात प्रसूती झाली असली तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळ तपासायचं असतं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या कामातून उभी राहिली. ‘सोयर आहे’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

शेवटी शब्दाकडे येतो. इंग्रजी शब्दात हद्द आहे. आपल्या ‘बाळंतीण’ या शब्दात बाळ आहे. आपला शब्द चांगला आहे, तर खोलीही तशीच ठेवा. तुमच्या घरात आज बाळंतीण असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी खिडकी उघडा आणि तिला तांब्याभर पाणी नेऊन द्या.