शाश्वत शेतीच्या सातबाऱ्यावर भूमिहीनाचे नाव कुठे आहे?

सध्या 'शाश्वत' या शब्दाला मोठा भाव आला आहे. खत कारखाने शाश्वत झाले, शेती शाश्वत होणार आहे, जमिनीचे आरोग्य सुधारणार आहे, असे सरकार सांगते, कंपन्या सांगतात आणि कृषी विद्यापीठेही सांगतात. रासायनिक खतांचा वापर कमी करा, सेंद्रिय खत वापरा, माती वाचवा, हा उपदेश शेतकऱ्याला रोज ऐकवला जातो. उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या साऱ्या चर्चेत एक माणूस कुठेच दिसत नाही. ज्याच्या हाताने खत शेतात पडते, ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो आणि ज्याच्या नावावर सातबारा नसतो, तो माणूस. माती वाचवण्याच्या योजनेत त्याचे स्थान काय, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारला नाही तर दुसरे कोणीही विचारणार नाही.

आधी विषय नीट समजून घेऊ. युरिया तयार होतो तो अमोनियापासून आणि अमोनिया तयार होतो तो नैसर्गिक वायू जाळून व वापरून. हा वायू मोठ्या प्रमाणात परदेशातून येतो. पालाश जवळजवळ सगळा आयात होतो, स्फुरदाचा कच्चा मालही बहुतांशी बाहेरूनच येतो. शेतात टाकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही. काही विहिरीच्या पाण्यात उतरतो, काही हवेत जातो. हवेत जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जोरकस आहे. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण ४:२:१ असावे असे शास्त्र सांगते. पण २०१० मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्यासाठी वेगळे अनुदान धोरण आले, त्या खतांच्या किमती वाढल्या आणि युरिया मात्र स्वस्त राहिला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हटल्यावर शेतकरी युरियाच टाकणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. धोरणानेच त्याला ती सवय लावली.

आता यावर उपाय सुरू आहेत. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्याने नत्र हळूहळू सुटतो आणि कारखान्यांकडे होणारी युरियाची चोरीही अवघड होते. हा उपाय साधा आणि उपयुक्त आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाली. उद्या सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर अमोनिया तयार करण्याचे स्वप्न त्यात आहे. त्याच वर्षी 'पीएम-प्रणाम' योजना आली. जे राज्य रासायनिक खताचा वापर कमी करील, त्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा मिळणार.

२०२१ पासून नॅनो युरियाची बाटलीही आली. तिचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. ४ टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत नत्र होते २० ग्रॅम. एक बाटली एका गोणीची जागा घेईल, असा प्रचार झाला. पुढे २० टक्क्यांची बाटली आली, तरी त्यातले नत्र १०० ग्रॅम, म्हणजे गोणीच्या दोनशेव्या हिश्शाहून कमी. पानावर फवारल्याने कार्यक्षमता वाढते, असे कंपनीचे म्हणणे आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत मात्र भात आणि गव्हाचे उत्पादन घटल्याचे दिसले. असे असताना कृषी सेवा केंद्रात युरियाच्या गोणीसोबत अशी बाटली गळ्यात मारली जाते, अशा तक्रारी जागोजागी आहेत. शेतकरी याला 'लिंकिंग' म्हणतात. मोठ्या बागायतदाराला ती बाटली परवडते. दीड एकरवाल्याच्या हंगामाचा मात्र तो प्रयोग ठरतो.

हे झाले तंत्राचे. आता पैशाचा प्रश्न. २०२२-२३ मध्ये देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. हा पैसा कोणाकडे जातो? २०१८ पासून देशभर दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून गोणी मिळते आणि विक्री झाली की अनुदान कंपनीला मिळते. म्हणजे अनुदान गोणीला आहे. ज्याची जमीन जास्त, त्याच्या गोण्या जास्त. ज्याच्या गोण्या जास्त, त्याचे अनुदान जास्त. ज्याला जमीन नाही, त्याचे अनुदान शून्य. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीखालील क्षेत्रात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ८.६ टक्के आहे आणि सरासरी धारणा ०.७८ हेक्टर. २०११ च्या जनगणनेत या समाजाची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. त्याच जनगणनेत देशात सुमारे ११ कोटी ८८ लाख शेतकरी आणि १४ कोटी ४३ लाख शेतमजूर नोंदले गेले. शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त असलेल्या देशात 'शेती' या शब्दाचा अर्थ फक्त जमीनमालक असा घेतला जातो.

यापुढची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी किती तरतूद केली, हे सांगणारे विवरणपत्र १०-अ असते. मागील काही वर्षांत त्या विवरणपत्रात खत अनुदानाचा भागही दाखवला जाऊ लागला. युरियाच्या कंपनीला दिलेला पैसा कागदावर दलित कल्याणाचा खर्च झाला! ज्या मजुराने आयुष्यात एकही गोणी स्वतःच्या शेतासाठी विकत घेतली नाही, त्याचाही त्या कागदावर विकास झालेला असतो. अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचा हिशेब मागणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे विवरणपत्र दरवर्षी उघडून वाचले पाहिजे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी पैसा नाही म्हणणाऱ्यांना खताच्या गोणीत मात्र दलित दिसतो, हे कसे?

बाबासाहेबांनी शेतीचा विचार केला तो याच मुळापासून. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे एवढ्यावर शेतीचे भले अवलंबून नाही, जमीन, श्रम आणि भांडवल यांचा मेळ बसतो की नाही हे महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले. जमिनीवर जगणाऱ्यांचा भार जास्त आणि भांडवल कमी हे दुखणे त्यांनी ओळखले आणि उद्योग वाढवणे हा उपाय सांगितला. पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, असे सुचवले. जात किंवा धर्म न पाहता गावातील लोकांना जमीन कसायला द्यावी, गावात कोणी जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर राहू नये आणि या सामूहिक शेतीसाठी पाणी, बैल, अवजारे, खत आणि बियाणे पुरवण्याचे बंधन राज्यावर असावे, असे त्यांचे म्हणणे होते. नीट पाहा, त्या यादीत खत आहे. पण ते जमिनीच्या प्रश्नानंतर येते. आधी कसणाऱ्याला जमीन, मग त्या जमिनीला खत. आज राज्य खताचे बंधन पाळते आणि जमिनीचे बंधन विसरते. बाबासाहेबांच्या योजनेचा सोपा अर्धा भाग प्रस्थापितांनी उचलला आणि आपल्या शेतात टाकला.

काही मित्र म्हणतील, रासायनिक खतच नको, सेंद्रिय शेती हाच मार्ग. माती सुधारायची तर सेंद्रिय कर्ब वाढवावा लागेल, हे खरेच. पण शेणखताला गुरे लागतात, गुरांना चारा लागतो आणि चाऱ्याला जमीन लागते. गायरानावर दोन एकर तुकडा कसणाऱ्या कुटुंबाकडे गाडीभर शेणखत येणार कुठून? शिवाय २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल कत्तलीसाठी विकण्याची वाट बंद झाल्यापासून म्हातारा बैल पोसणे हे गरीब शेतकऱ्याला ओझे झाले आहे. नैसर्गिक शेतीच्या व्यासपीठावर गाय पूजेची वस्तू बनते, तेव्हा आपण सावध झाले पाहिजे. गावातील मेलेले जनावर ओढण्याचे काम कोणाच्या माथी होते? त्या जनावराच्या हाडांचाही खतासाठी उपयोग होत असे. फायदा जमिनीला, विटाळ ओढणाऱ्याला. म्हणून तर मृत जनावरे ओढणे सोडा, असे महाडच्या चळवळीत सांगितले गेले. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतरच्या आंदोलनाने गायीचे शेपूट तुमच्याकडे ठेवा, आमची जमीन आम्हाला द्या, अशी मागणी केली. शेणखताच्या चर्चेला इतके थेट उत्तर दुसरे नाही.

घाईने केलेला बदल कोणाला मारतो, हे श्रीलंकेत दिसले. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक कोसळले, चहालाही फटका बसला, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. धान्य महागले की त्याचा पहिला मार विकत घेऊन खाणाऱ्याला बसतो. भूमिहीन माणूस धान्य विकत घेऊनच खातो.

दुसरा उपाय शहरी कंपोस्टचा. २०१६ मध्ये केंद्राने शहरातील कचऱ्यापासून बनलेल्या खताला टनामागे १५०० रुपये मदत जाहीर केली. ती मदत खत विकणाऱ्या कंपनीला होती. ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा कोण करते? मुंबई-पुण्यात त्या रांगेत आपल्याच आयाबहिणी उभ्या आहेत, मुख्यतः बौद्ध आणि मातंग समाजाच्या. मुंबईत कंत्राटी कचरा वाहतूक कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०१७ मध्ये २,७०० कामगारांना न्याय मिळाला. कचऱ्याला सोन्याचा भाव आला तरी तो वेचणाऱ्या हाताला कंत्राटी मजुरीच मिळणार असेल, तर हे जुन्याच गावगाड्याचे नवे खत आहे.

आणि फवारणीचे काय? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यात शेतकरी होते तसे रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. शेतकऱ्याच्या अपघातासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. तिचा लाभ खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एकाला मिळतो. त्याच शेतात, त्याच विषाने मेलेल्या मजुराचा वारस त्या योजनेत बसत नाही. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपयेही जमीनधारक कुटुंबालाच. मृदा आरोग्य पत्रिका गट नंबरावर. बटईने कसणारा, सालगडी आणि गायरानधारक यांच्यापाशी माती आहे, पण मातीचा कागद नाही.

यासाठीच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे गायरानाचा प्रश्न जिवंत राहिला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला. तरीही कित्येक गावांत आजही सातबारा झालेला नाही आणि २०२२ मध्ये गायरानधारकांना अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा मात्र निघाल्या. दादासाहेबांच्या नावाने सबलीकरण योजना आहे. तिच्यात अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. सरकारी दराने जमीन विकायला कोणी पुढे येत नाही, म्हणून ती रखडते. जो तुकडा आपल्या पोरांचा राहील याची खात्री नाही, त्यात बांध घालून, हिरवळीचे खत गाडून पाच वर्षे वाट पाहायला कोण तयार होईल? माती टिकवायची असेल तर आधी कसणाऱ्याचा त्या मातीवरचा हक्क टिकवावा लागतो. शाश्वत शेतीचा पहिला डोस सातबारा हाच आहे.

म्हणून चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कसणाऱ्या गायरानधारकांचे सातबारे करा आणि त्यांना पीककर्ज, माती परीक्षण व बांधबंदिस्ती द्या. खत अनुदान अनुसूचित जातींच्या तरतुदीत दाखवणे बंद करा आणि तो निधी थेट माणसांवर खर्च करा. 'पीएम-प्रणाम'मधून राज्याला मिळणाऱ्या पैशातला ठरावीक हिस्सा भूमिहीनांच्या जमीन खरेदीसाठी ठेवा. अपघात योजनेत शेतमजुराला आणा, फवारणीच्या संरक्षक साहित्याची आणि तपासणीची जबाबदारी औषध विकणाऱ्या कंपनीवर टाका. कंपोस्टच्या टनामागे मिळणाऱ्या मदतीत कचरा कामगाराचा वाटा ठरवा.

ग्रामसभेत पुढच्या वेळी खताच्या नियोजनाचा विषय निघेल, तेव्हा आपल्या माणसांनी उठून एवढेच विचारावे, की या गावात जमीन नसलेली घरे किती आणि या नियोजनात त्यांच्यासाठी काय आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. गाव बदलायला तेवढ्या एका ओळीपासून सुरुवात होऊ शकते.