पुरावा आहे, प्रमाणपत्र कोण देणार?

छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आम्ही वकील पूर्वी विचारायचो, ‘पत्रं जपून ठेवलीत का?’ आता विचारतो, ‘मेसेज पुसले नाहीत ना?’ धमकी मोबाइलवर येते, पैशाची मागणीही. पुरावा बाईच्या हाती आला, हे मला मोलाचं वाटतं. पण फौजदारी खटल्यात नुसती छापील प्रत पुरत नाही. २०२० साली जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. मूळ मोबाइलच हजर केला तर ते लागत नाही. पण बाईकडे तो एकच फोन असतो! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही हवी. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ आणायचा कुठून? त्याची फी कोण देणार?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. तज्ज्ञाची फी त्या मदतीतून मिळावी, ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी. आणि तरुण वकील मैत्रिणींनो, हे काम ‘कॉम्प्युटरवाल्या मुलांचं’ म्हणून सोडू नका. ते आता आपल्या वकिलीचाच भाग आहे.