कापूस वऱ्हाडचा, कारखाना दुसऱ्याचा

मोटारीच्या इंजिनाला हवा लागते, तेल लागते, इंधन लागते. आणि या तिन्हींतील धूळ व कचरा अडवणारा फिल्टरही लागतो. वस्तू दिसावयास क्षुल्लक. घडीघडीचा कागद, पत्र्याचा डबा आणि रबराची कडी, एवढाच तिचा संसार. पण ती ठरावीक मुदतीने बदलावी लागते आणि म्हणून तिची मागणी कधी संपत नाही. या क्षुल्लक वस्तूच्या आधारे जगात मोठमोठे उद्योग उभे राहिले. जर्मनीतील ‘मान-हुमेल’ हा त्यांपैकी एक. वाहननिर्मात्यांना आणि इतर कारखान्यांना फिल्टर पुरवणाऱ्या या कंपनीची वार्षिक उलाढाल आज चार अब्ज युरोंहून अधिक आहे, कामगारसंख्या वीस हजारांच्या घरात आहे, आणि तरीही तिची मालकी संस्थापकांच्या कुटुंबांकडेच राहिली आहे. अमरावती-अकोल्याच्या वाचकाने ही कथा मुद्दाम समजून घ्यावी, कारण तिचा उगम यंत्रशाळेत नसून कपड्यांच्या कारखान्यात आहे.

आडोल्फ मान आणि एरिख हुमेल हे दोघे स्टुटगार्ट परिसरातील ‘ब्लायले’ या विणलेले कपडे करणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक होते. महायुद्धाच्या काळात कपड्यांच्या उत्पादनाला ओहोटी लागली, तेव्हा त्यांनी पिस्टन बनवणाऱ्या ‘माले’ कंपनीचा फिल्टरचा व्यवसाय हाती घेतला आणि १९४१ साली लुडविग्सबुर्ग येथे नवा कारखाना सुरू केला. ज्या ब्लायलेच्या अंगाखांद्यावर हे रोपटे वाढले, ती कंपनी पुढे काळाच्या ओघात बुडाली; रोपट्याचा मात्र वटवृक्ष झाला. धागा आणि कापड ओळखणाऱ्या माणसांनी, धागा व कागद धूळ कसे अडवतात हे शिकून घेतले, इतकाच या उडीचा अर्थ. ही उडी वऱ्हाडला का घेता आली नाही?

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे दिले जाते की, जर्मन माणूस उद्यमी आणि वऱ्हाडी माणूस आळशी. हे उत्तर जितके सोपे तितकेच खोटे आहे. उद्योग केवळ एका कुटुंबाच्या कर्तबगारीवर वाढत नाही. शाळेसोबत कारखान्यात हात तयार करणारी प्रशिक्षणाची व्यवस्था, जवळच उभे असलेले वाहनांचे कारखाने, दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या बँका आणि संघटित कामगारवर्ग, या सर्वांच्या खांद्यांवर मालक उभा असतो. यश मिळाले की तो स्वतःच्या उंचीचे कौतुक करतो आणि खांदे विसरतो. पश्चिम जर्मनीने १९७६ साली कायदा करून दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींना दिल्या. खांद्यांनाही मत असते, हे निदान कायद्याने तरी मान्य झाले.

योगायोग असा की, त्याच १९७६ साली भारतीय राज्यघटनेत बेचाळिसाव्या दुरुस्तीने ४३ (क) हे कलम आले आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग देण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्याने स्वीकारले. तिकडे तत्त्वाचा कायदा झाला. इकडे तत्त्व तत्त्वच राहिले.

आता वऱ्हाडकडे वळू. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांची उपासमार होऊ लागली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला आणि बडनेरा ही कापसाची ठाणी झाली. कारंजाचा कापूस बाजार १८८६ साली नियमनाखाली आला, तो देशातील या प्रकारचा पहिला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अकोल्यात सावतराम आणि मोहोता गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, अचलपुरात विदर्भ मिल आली. यांतील अनेक संस्था कुटुंबांच्या मालकीच्या होत्या. म्हणजे कुटुंबाची मालकी होती, भांडवल होते, कच्चा माल दाराशी होता आणि कामगारही होते. काय नव्हते? मिळालेला नफा त्याच धंद्याच्या पुढच्या पायरीवर लावण्याची निकड नव्हती.

नफा गेला कुठे? काही जमिनीत गेला, काही सावकारीत, काही सट्ट्यात आणि बराचसा आगगाडीच्या त्याच रुळांवरून मुंबईला. गिरण्यांची यंत्रे झिजत राहिली, नवी आली नाहीत. अखेर १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने देशातील १०३ आजारी कापड गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांत अकोला आणि अचलपूरच्या या गिरण्याही होत्या. राष्ट्रीयीकरण झाले खरे, पण ते नफ्याचे नव्हते, तोट्याचे होते. सत्त्व मालकांनी आधीच काढून नेले होते. शासनाने चोथा सांभाळला, आणि तोही धड सांभाळला नाही. नोकरशाहीने गिरण्या चालवल्या नाहीत, केवळ बंद होईपर्यंत उघड्या ठेवल्या. पुढे अचलपुरात मोठ्या गाजावाजाने नवी फिनले मिल उभारली गेली; २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली आणि शेकडो कुटुंबांची चूल पुन्हा सरकारी पत्रव्यवहारावर अवलंबून राहिली.

शेजारच्या वर्ध्याचे उदाहरण याहून बोलके आहे. जमनालाल बजाज यांचा मूळ व्यवसाय कापसाचा. त्यांनी गांधीजींना वर्ध्यास आणले, सेवाग्रामला जमीन दिली आणि संपत्तीकडे विश्वस्ताच्या नात्याने पाहण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. १९४२ साली ते गेले. त्यानंतर त्याच घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९६० साली तिचीच बजाज ऑटो झाली. स्कूटरचा कारखाना मात्र वर्ध्यास आला नाही, पुण्याजवळ आकुर्डीस गेला. आकुर्डीभोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो यंत्रशाळा वाढल्या. किर्लोस्कर-कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात आली, टेल्को आली, आणि इंजिनांमागोमाग फिल्टरही आले. कापसाच्या मुलखातील व्यापाराने घराणे उभे केले आणि घराण्याने दुसऱ्या मुलखात उद्योग उभा केला. यात कोणा एका घराण्याला दोष देण्यात अर्थ नाही. भांडवल पाण्यासारखे असते, उतार मिळेल तिकडे ते वाहते. प्रश्न हा आहे की, उतार कोणी तयार केला?

तो शासनाने तयार केला. पोलाद व कोळशाच्या वाहतुकीचे दर देशभर समान ठेवण्याच्या धोरणाने भिलाईचे पोलाद आणि चंद्रपूरचा कोळसा जवळ असण्याचा विदर्भाचा फायदा चार दशके पुसून टाकला. कापसाला मात्र अशी समानता कधी लाभली नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली आले, मागास भागांसाठी सवलतींची सामूहिक योजना १९६४ साली आली. पण सवलतीची मुदत संपताच कुलूप लावून निघून जाणाऱ्या कारखान्यांचे सांगाडेच अनेक वसाहतींच्या वाट्याला आले. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने राज्यातील अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही संपली. विदर्भाच्या पोटातही नागपूर आणि वऱ्हाड असा भेद आहेच. सिंचनाचा अनुशेष सर्वांत अधिक काळ रेंगाळला तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा याच जिल्ह्यांत.

यावर कोणी म्हणेल, झाले ते झाले. वाहनउद्योगापासून इतक्या दूर असलेल्या अकोल्यात आता फिल्टरचे स्वप्न कशाला? आक्षेप रास्त आहे. शिवाय विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनाच्या तेलाचा वा इंधनाचा फिल्टर लागतच नाही. म्हणून वऱ्हाडने पुण्याच्या कालच्या कारखान्याची नक्कल करू नये, हे खरे. परंतु हवा आणि पाणी गाळण्याची गरज वाढतच जाणार आहे. जुन्या फिल्टर कंपन्याही आता त्याच दिशेने वळत आहेत. आणि इथे वऱ्हाडच्या हाती एक अशी वस्तू आहे जी ती स्वतःच मातीमोल करत आहे.

रुई काढल्यानंतर सरकीवर बारीक लव उरते. तिला ‘लिंटर’ म्हणतात. शुद्ध केल्यावर ती जवळजवळ निर्भेळ सेल्युलोज असते आणि प्रयोगशाळेत वापरला जाणारा उत्तम गाळणकागद तिच्यापासूनच बनतो. आपल्याकडे बहुतांश सरकी लव आणि टरफलासकट घाण्यात घातली जाते. ही मोलाची लव पेंडीत जाते आणि गुरांच्या पोटात जिरते. तेलही त्यामुळे कमी निघते. लव काढणारी यंत्रे, लगद्याचा छोटा कारखाना, कागद तपासणारी प्रयोगशाळा आणि कारागीर घडवणारे प्रशिक्षण यांसाठी एखाद्या घराण्याने अवतार घेण्याची वाट पाहावी लागत नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अमरावतीची अभियांत्रिकी महाविद्यालये आणि स्थानिक तेल गिरण्या एकत्र आल्या तर हे शक्य आहे. मात्र सहकाराच्या नावाखाली पुढाऱ्यांची घराणी पोसणाऱ्या सूतगिरण्यांचा अनुभव विसरून चालणार नाही. घराण्याची खाजगी मालकी आणि घराण्याची सहकारी मालकी यांत शेतकऱ्याला निवड करावयाची असेल, तर ती निवडच नव्हे.

शासनाचे लक्ष सध्या मोठ्या वस्त्रोद्यान प्रकल्पावर आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र उद्यानाची कोनशिला बसवली गेली. एक हजार एकर जमीन त्यासाठी ठरली आहे. प्रकल्पाचे स्वागत करावे. पण तिथे येणाऱ्या प्रत्येक कंपनीला, ती कुटुंबाची असो वा परदेशी, चार प्रश्न विचारले पाहिजेत. जमीन, वीज आणि करसवलत जनतेची असेल, तर नफ्याचा किती भाग याच जिल्ह्यात पुन्हा गुंतवला जाईल? कामगार कायम असतील की कंत्राटी? व्यवस्थापनात त्यांचा आवाज असेल काय? आणि कारखाना बंद करावयाचा झाल्यास हिशेब कोणापुढे मांडला जाईल? शेवटचा प्रश्न आज अधिकच निकडीचा आहे. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला बंदीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागे; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. वऱ्हाडातील बहुतेक कारखाने या मर्यादेच्या खालीच राहतील.

मान-हुमेलची कथाही इथे इशारा देते. २०२१ साली या कंपनीने लुडविग्सबुर्ग या आपल्या जन्मस्थानीचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कामगार संघटनेने विरोध केला, वाटाघाटी झाल्या, पण निर्णय फिरला नाही. गावाशी इमान राखणारे कौटुंबिक भांडवल ही कल्पना मोहक आहे, पण तिच्यावर विसंबून कोणत्याही गावाने झोपी जाऊ नये. कामगारांचे कायदेशीर अधिकार असतानाही जिथे हे घडते, तिथे अधिकारच नसलेल्या कामगारांचे काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

अखेर एका गोष्टीकडे पाहिल्याशिवाय हा विषय संपत नाही. हंगामात अमरावती-अकोल्याच्या जिनिंगमध्ये हजारो स्त्रीपुरुष रुईच्या धुरळ्यात उभे असतात. कापसाच्या धुळीने छातीला जडणारा ‘बिसिनोसिस’ हा रोग कायद्याच्या अनुसूचीत आहे. तो आढळल्यास कळवणे बंधनकारक आहे. पण हंगामी आणि कंत्राटी मजुराची छाती तपासतो कोण, आणि कळवतो कोण? चार हजार रुपयांच्या हप्त्याच्या मोटारसायकलला धूळ लागू नये म्हणून जग कागदाची घडी घालून संशोधन करते; त्याच धुळीत उभ्या असलेल्या बाईला नाकावर धरावयास फक्त लुगड्याचा पदर असतो. वऱ्हाडात जेव्हा केव्हा गाळणीचा पहिला कारखाना निघेल, तेव्हा त्याने आपली पहिली गाळणी जिनिंगच्या छताखाली बसवावी. तिथली हवा स्वच्छ झाली, तरच वऱ्हाडची औद्योगिक प्रगती झाली असे म्हणता येईल. उलाढालीचे आकडे त्यानंतर मोजू.